पुन्हा त्याच डोंगरावर : प्रस्तावना

पर्यटनाचा धंदा नवलाईवर चालतो. जाहिरात न पाहिलेल्या जागेची असते, सहलीचे वेळापत्रक राहून गेलेल्या ठिकाणांचे असते, आणि घरी परतल्यावर गप्पाही 'यंदा कुठे गेलो' याच्या होतात. तरीही थंड हवेच्या प्रत्येक ठिकाणी आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात काही माणसे अशी भेटतात, की ज्यांचे तिथले पाहण्याजोगे सगळे कधीच पाहून झालेले असते. त्यांना गाइड लागत नाही, पाट्या वाचाव्या लागत नाहीत. लॉजवाला त्यांना 'आमची नेहमीची पार्टी' म्हणतो आणि त्यांच्यासाठी कोपऱ्यातली ठरावीक खोली धरून ठेवतो. सुट्टी मोजकी, पैसा मोजका आणि जग अफाट असताना ही माणसे पुन्हा त्याच जागी का येतात, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी एका गावात शोधले आहे. ते गाव म्हणजे माथेरान.

आधी पुस्तकाची हद्द आखून घेतो. दर आषाढीला पंढरीची वाट धरणारा वारकरी या पुस्तकात नाही. त्याचे जाणे व्रताचे आहे. गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानीही नाही. तो आपल्या घरी जातो. डोंगरावर ज्यांचा स्वतःचा बंगला आहे, त्यांनाही बाजूला ठेवले आहे, कारण मालमत्ता माणसाला आपोआप बांधून ठेवते. ज्याच्यावर कसलेच बंधन नाही, ज्याला दुसरीकडे जाण्याची पूर्ण मोकळीक आहे आणि तरीही जो परत येतो, त्या पाहुण्याचा विचार इथे केला आहे. त्याच्या निष्ठेला काही अर्थ आहे, कारण ती त्याने स्वतः निवडलेली असते.

'आवडले म्हणून पुन्हा आलो' हे पहिले उत्तर कुणीही देईल, पण ते पुरत नाही. राजस्थान पाहून भारावून आलेले कुटुंब पुढच्या वर्षी केरळला जाते. त्यांची तक्रार काहीच नसते. उलट सहल इतकी चांगली झालेली असते, की राजस्थान 'झाले' अशी त्यांची भावना असते. समाधान माणसाला तृप्त करून निरोपही देऊ शकते. म्हणून समाधान आणि निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याशिवाय या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. हॉटेलात निघताना भरून घेतला जाणारा अभिप्रायाचा कागद पहिली गोष्ट मोजतो. दुसरीबद्दल तो काहीच सांगत नाही.

पर्यटनाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न गेली चार दशके हाताळला आहे. १९८४ मध्ये रिचर्ड गिटेलसन आणि जॉन क्रॉम्प्टन या अमेरिकी अभ्यासकांनी एकाच ठिकाणी पुन्हा जाण्याची पाच कारणे मांडली. फसगतीचा धोका कमी होतो. आपल्यासारखीच माणसे तिथे भेटण्याची खात्री असते. जागेशी भावनेचे नाते जडलेले असते. मागच्या खेपेला राहिलेले काही पाहायचे असते. आणि आपल्याला आवडलेली जागा दुसऱ्या कुणाला दाखवायची असते. ही यादी आजही उपयोगी आहे. नातवाचे बोट धरून पॅनोरमा पॉइंटकडे निघालेले आजोबा पाचव्या कारणात बसतात, आणि 'निदान जेवणाची, खोलीची चिंता नाही' म्हणणारी गृहिणी पहिल्यात. पुढे मार्टिन ऑपरमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणखी एक महत्त्वाचा भेद ठसवला : येत राहणे आणि ओढ असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. केवळ जवळ पडते म्हणून येणारा माणूस निष्ठावंत असेलच असे नाही, आणि वयामुळे येता येत नसूनही चार घरांना तिकडे धाडणारा माणूस निष्ठावंत असू शकतो.

माथेरानच्या बाबतीत हा भेद फार कामाचा आहे. मुंबई-पुण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. त्यामुळे शनिवार-रविवारी उसळणारी गर्दी पाहून 'लोकांचे माथेरानवर प्रेम आहे' असा निष्कर्ष काढणे सोपे असते. पण त्यातल्या अनेकांना केवळ एक जवळचा डोंगर हवा असतो. रस्ता मोकळा दिसला तर ते लोणावळ्याला वळतील. या गर्दीतून खरे परतणारे वेगळे कसे ओळखायचे? मला सुचलेली कसोटी अशी : गैरसोय झाली तरी येतो, तो खरा. आणि गैरसोय हा तर माथेरानचा पायाच आहे.

या डोंगराची आजची ओळखच मुळी परत येण्यातून घडली. पायथ्याच्या वाड्यांतल्या ठाकर, कातकरी आणि धनगर लोकांना तो पूर्वापार ठाऊक होता. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने वर चढले. एकदा पाहून त्यांचे भागले नाही. ते पुन्हा आले, राहिले आणि त्यांनी इथे घर बांधले. त्यांच्यामागून मुंबईचे गोरे अधिकारी आले, मग पारशी, बोहरा, गुजराती आणि मराठी कुटुंबे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी या डोंगराच्या अशाच एका चाहत्या घराण्याने, पीरभॉय घराण्याने, नेरळपासून वरपर्यंत रेल्वे आणली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती उभारली. त्यांचे वडील सर आदमजी यांनी त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये दिले आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. दोन फूट रुंदीचा रूळमार्ग, सुमारे २० किलोमीटरचे अंतर, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइपसारखी छोटी स्थानके, डोंगराच्या अंगाने घेतलेली असंख्य वळणे. नेहमीच्या पाहुण्याची ओढ किती दूर जाऊ शकते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण महाराष्ट्रात मला ठाऊक नाही. पर्यटकाकडे आपण गिऱ्हाईक म्हणून पाहतो. पण परत येणारा पर्यटक वेळ पडली तर त्या जागेचा शिल्पकार होतो.

आता मूळ प्रश्नाकडे. माथेरानला लोक का परततात? माझे उत्तर या पुस्तकाच्या सर्व प्रकरणांतून वाहत आले आहे, म्हणून ते इथेच उघडपणे सांगतो. माथेरान एक वचन देते आणि ते पाळते. ते वचन असे, की दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार येणार नाही.

या एका नियमाची किंमत प्रत्येक पाहुणा मोजतो. नाक्यावर गाडी सोडायची, सामान हमालाच्या डोक्यावर किंवा घोड्यावर द्यायचे, आणि बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालायचे, घोडा करायचा किंवा अमन लॉज स्थानकावरून रेल्वेची शटल धरायची. पहिल्यांदा येणारे कुरकुरतात. पण त्याच नियमामुळे मुख्य रस्त्यावर पाच वर्षांचे मूल आईचा हात सोडून पळू शकते, आजी रस्त्याच्या मधोमध चालू शकते, आणि संध्याकाळी घोड्यांच्या टापा व पानांची सळसळ ऐकू येते. शहरातल्या आईबापांना मुलाला मोकळे सोडण्याचा हा अनुभव दुसरीकडे विकत मिळत नाही. माथेरानचे पॉइंट सुंदर आहेत, शार्लोट तलावाकाठची सावली सुंदर आहे. पण दऱ्या आणि धुके सह्याद्रीत ठायी ठायी आहेत. हॉर्न नसलेला बाजार मात्र या एकाच ठिकाणी आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार आपल्याकडे काय आहे यापेक्षा आपण काय येऊ दिले नाही, यासाठी लोकांच्या मनात राहिले आहे.

हे वचन आपोआप टिकलेले नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यामागे पर्यावरणप्रेमींनी उच्च न्यायालयात दिलेली लढाई होती. वाहनबंदीला त्यातून कायद्याचा आधार मिळाला. त्या अधिसूचनेत रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांच्यापुरताच अपवाद ठेवला होता. पाहुण्यांच्या निष्ठेचा विचार करताना आपण जाहिराती आणि सवलतींबद्दल बोलतो. मला वाटते, माथेरानच्या निष्ठावंतांसाठी कोणत्याही सवलतीपेक्षा या अधिसूचनेने अधिक काम केले आहे. दहा वर्षांनी आलो तरी इथे हेच मिळेल, हा भरवसा तिने दिला.

वचनाच्या जोडीला माणसे हवीत. माथेरान हे राज्यातल्या अगदी लहान नगरपरिषदांपैकी एक. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. एवढ्याशा गावात ओळख पटायला वेळ लागत नाही. घोडेवाला मागच्या खेपेला घोड्यावर बसायला घाबरलेल्या मुलीची चौकशी करतो. खानावळीतल्या काकू 'तुमच्या सासूबाई यंदा आल्या नाहीत?' म्हणून विचारतात. चिक्कीचा दुकानदार न मागता तिळाची चिक्की बांधायला घेतो. मोठ्या हॉटेलांच्या साखळ्या हेच काम संगणकातल्या नोंदींवर करू पाहतात, तरी त्यात तो ओलावा येत नाही. कारण उघड आहे : नोंदीला तुमच्या सासूबाईंची काळजी नसते. शहरात शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाला डोंगरावर आपले नाव घेऊन हाक मारणारे कुणी आहे, ही गोष्ट फार मोठी आहे. माझी या पुस्तकासाठी अनेक कुटुंबांशी बोलणी झाली. त्यांतली बहुतेक बोलणी पॉइंटवरून सुरू झाली आणि माणसांवर येऊन थांबली.

ही ओळख टिकते ती दोन्हीकडच्या पिढ्यांमुळे. वडिलांनी ज्याच्या घोड्यावरून रपेट केली, त्याच्या मुलाच्या घोड्यावर आज नातू बसतो. घरातल्या लग्नांची, बारशांची, मृत्यूंची वार्ता वर पोचते आणि वरची खाली येते. अभ्यासकांच्या भाषेत याला जागेशी जडलेले नाते म्हणतात. त्यांच्या प्रश्नावलीत या नात्याची दोन अंगे असतात : एक, ती जागा आपली गरज दुसऱ्या कुठल्याही जागेपेक्षा चांगली भागवते, दोन, ती जागा आपण कोण आहोत याचा भाग झालेली असते. पहिले अंग मोडू शकते. उद्या दुसऱ्या एखाद्या डोंगराने मोटारी बंद केल्या, तर त्या गरजेपुरते माथेरान एकमेव उरणार नाही. दुसरे अंग सहजी मोडत नाही, कारण ते आठवणींनी विणलेले असते आणि आठवणी दुसऱ्या डोंगरावर हलवता येत नाहीत.

तिसरे कारण ऋतूंचे आहे. मे महिन्यात माथेरानला आलेला माणूस आणि जुलैत आलेला माणूस यांनी एकच गाव पाहिलेले नसते. पावसाळ्यात पॉइंटवर उभे राहिले तर समोर दरी आहे की ढग, कळत नाही. नेरळहून येणारी गाडी तेव्हा बंद असते आणि अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. ऑक्टोबरात सगळे धुऊन निघालेले दिसते. ज्या जागेला अनेक चेहरे आहेत, तिथे ओळखीचेपणा आणि नवेपणा एकत्र मिळतो. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. सह्याद्री ठाऊक असलेल्या वाचकाला हे सांगावे लागत नाही.

निष्ठा कशाने जुळते याइतकेच ती कशाने तुटते, हेही या पुस्तकात सविस्तर आले आहे. जुलै २००५ च्या प्रलयंकारी पावसात नेरळ-माथेरान मार्ग वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये परतली. २०१९ च्या पावसाळ्यात मार्ग पुन्हा उखडला. नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. या दोन्ही काळांत नेहमीचे लोक येत राहिले. हेच निष्ठेचे लक्षण. निसर्गाने केलेली अडचण पाहुणा पोटात घालतो. माणसाने केलेली फसवणूक तो विसरत नाही. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, शटल किंवा प्रयोग म्हणून सुरू झालेली ई-रिक्षा उपलब्ध असूनही नाही म्हणून सांगितले जाते, अशा तक्रारी वाढल्या तेव्हा मार्च २०२५ मध्ये गावातल्याच लोकांनी बंद पुकारला. आपल्या गावाचे नाव जपण्यासाठी ऐन धंद्याच्या दिवसांत दुकानाची फळी लावणाऱ्या या लोकांना निष्ठेचे मोल कुणाही सल्लागारापेक्षा अधिक कळलेले आहे, असे मी मानतो. नवख्या माणसाला एकदाच लुबाडता येते. तो परत येत नाही, आणि त्याच्यामागून येऊ शकणारी त्याची मुले-नातवंडेही येत नाहीत.

रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या आयुष्याचा एक आलेख मांडला. थोडे लोक शोधत येतात, मग गावकरी सोयी उभारतात, मग बाहेरचे भांडवल येते, गर्दी शिगेला पोचते आणि त्यानंतर उतरण लागते किंवा नवे वळण घ्यावे लागते. उतरणीच्या आधी एक टप्पा असतो, ज्यात ठिकाण जुन्या, परतणाऱ्या पाहुण्यांवर पुष्कळ अवलंबून असते. म्हणजे परतणाऱ्यांची संख्या हे नेहमीच सुदृढतेचे लक्षण नसते. नवे लोक यायचे थांबल्याचीही ती खूण असू शकते. गोव्याचे उदाहरण इथे बोलके आहे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून चार्टर विमानांनी येणारे युरोपी पाहुणे, विशेषतः निवृत्त ब्रिटिश जोडपी, हिवाळेच्या हिवाळे त्याच गेस्टहाऊसमध्ये, त्याच शॅकवर काढत. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी बुडाली, पाठोपाठ महासाथ आली, आणि त्यांच्या येण्याचा रस्ताच खंडित झाला. त्यांची ओढ आटली नव्हती, विमान नव्हते. निष्ठेलाही परवडणारी वाट लागते. या दृष्टीने नेरळची छोटी गाडी केवळ शोभेची वस्तू नाही. ज्यांना चालवत नाही आणि घोडा परवडत नाही, अशा नेहमीच्या पाहुण्यांचा तो रस्ता आहे.

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो. जुन्या पाहुण्याला सगळे जसेच्या तसे हवे असते. ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिला मर्यादा हवी. माथेरानमध्ये दीर्घकाळ माणसाने ओढलेल्या हातरिक्षा चालत आल्या. पाहुण्यांच्या आठवणींत त्या 'जुन्या माथेरानचा' भाग म्हणून येतात. ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत आणि गुडघ्यांत त्या वेगळ्या रूपाने राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर काही ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी ठरवून ती सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. काही जुन्या चाहत्यांना ई-रिक्षांची चाके आणि मातीच्या रस्त्यांवर बसवलेले ब्लॉक खुपतात. ब्लॉक किती आणि कुठे, ई-रिक्षा किती आणि कुणासाठी, यावर वाद जरूर व्हावा. वाहनबंदीचे वचन मागच्या दाराने मोडले जात नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. पण आपल्या आठवणीचे चित्र शाबूत राहावे म्हणून दुसऱ्या माणसाने आपल्याला ओढत न्यावे, हे कुणाही पाहुण्याला मागता येणार नाही. ज्या जागेवर प्रेम आहे, तिथल्या माणसांचे भले हे त्या प्रेमाचे पहिले मोजमाप आहे. पायथ्याच्या वाड्यांतून डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्या बायांना पाहूनही ज्याच्या मनात प्रश्न उठत नाही, तो कितीही वेळा आला तरी माथेरान त्याला कळलेले नाही.

पुस्तकाची रचना या विचारक्रमानेच झाली आहे. पहिल्या भागात डोंगराचा आणि त्याच्या चाहत्यांचा इतिहास आहे. दुसऱ्या भागात परतणाऱ्या कुटुंबांशी झालेली बोलणी आहेत. त्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. तिसऱ्या भागात घोडेवाले, हमाल, लॉजचालक आणि दुकानदार यांच्या बाजूने हाच प्रश्न पाहिला आहे, कारण निष्ठा एका बाजूने कधीच उभी राहत नाही. शेवटच्या भागात काही सूचना आहेत. त्यांतली एक इथेच नोंदवतो. दस्तुरी नाक्यावर प्रत्येक पाहुण्याकडून प्रवासी कर घेतला जातो, त्यामुळे किती लोक आले याचा हिशेब गावाकडे असतो. त्याच खिडकीवर 'याआधी आला होतात का?' एवढा एक प्रश्न विचारला आणि उत्तर नोंदवून ठेवले, तर काही वर्षांत माथेरानला स्वतःबद्दल जे कळेल, ते कुठल्याही महागड्या अहवालातून कळणार नाही. आलेली माणसे मोजणारे गाव गर्दी वाढवण्याच्या मागे लागते. परतलेली माणसे मोजणारे गाव आपला शब्द पाळण्याच्या मागे लागते.

हे पुस्तक मी तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिले आहे. पर्यटनाच्या व्यवसायात असलेल्यांनी ते वाचावे, कारण त्यांचा उद्याचा धंदा आजच्या पाहुण्याच्या मनात ठरत असतो. धोरण आखणाऱ्यांनी वाचावे, कारण रस्ता, रोपवे, वाहनतळ असा प्रत्येक निर्णय घेताना त्या ठिकाणचे वचन कोणते आणि ते मोडते का, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. महाबळेश्वरला, तारकर्लीला, दापोलीला त्या वचनाचा मजकूर वेगळा असेल, पण तो शोधून लिहून ठेवण्याची गरज तितकीच आहे. आणि तिसरा वाचक म्हणजे तो नेहमीचा पाहुणा. त्याला माझे सांगणे आहे, की परत येण्याने हक्क मिळतो तसे कर्तव्यही येते. मॅलेटच्या मागून आलेल्यांनी पायवाटा आखल्या, पीरभॉय घराण्याने रूळ टाकले, पुढच्यांनी न्यायालयात जाऊन वाहनबंदी राखली. आपल्या पिढीच्या वाट्याला कचरा, पाणी, गर्दी आणि कष्टकऱ्यांचे मानाचे जगणे हे प्रश्न आले आहेत. खोली आरक्षित करताना भावाची घासाघीस करण्याइतक्याच आग्रहाने या प्रश्नांची चौकशी करणारा पाहुणा माथेरानला हवा आहे, आणि असा पाहुणा घडवण्यात या पुस्तकाचा थोडा जरी हात लागला, तरी ते लिहिण्याचे श्रम सार्थ झाले असे मी समजेन.